मागचे व्हील सिलिंडर दोन मापांचे निघाले, आता कोणतं खरं धरू? (जुनी पिकअप, मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार.

गाडी २००९ ची डिझेल पिकअप, सेकंड हँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा ‘कोणती गाडी भारी’वर जाईल आणि माझे ब्रेक तसेच राहतील. ओतूरकडून माळशेज उतरून कल्याण मार्केटला भाजी नेतो, आठवड्याला तीन खेपा.

गेल्या महिन्यात मागच्या उजव्या चाकातून ब्रेक ऑइल झिरपायला लागलं. ड्रम काढला तर व्हील सिलिंडर (ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने शू, म्हणजे ब्रेकचे अर्धगोल पट्टे, आतून ड्रमवर दाबणारा भाग) गेलेला. तोच सँपल म्हणून घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने मॉडेल विचारलं, मी २००९ म्हणालो, त्याने सँपलकडे न बघताच खोका पुढे केला. बोल्टची भोकं जुळली, पाइपाचा नट बसला, शू खाचेत बसले. मिस्त्रीने ब्रेकच्या पाइपातली एअर काढली. काम झालं म्हणून मीही खूश.

भरलेल्या गाडीला काहीच जाणवत नाही. पण कल्याणहून रिकामी परत येताना, रस्ता ओला असला आणि ब्रेक जरा जोरात लागला, की मागचं उजवं चाक जाम होऊन घसरतं आणि गाडीचं शेपूट फिरतं. मिस्त्री म्हणाला शू घट्ट लागलाय. दोनदा ढिला करून झाला, फरक शून्य.

परवा वैतागून जुना सिलिंडर भंगाराच्या डब्यातून शोधला, रॉकेलने पुसला. अंगावर १९.०५ (आतल्या पिस्टनचा व्यास, मिलिमीटरमध्ये). नव्याच्या अंगावर २२.२२! डावीकडचा ड्रम उघडला, तिथे १९.०५. पण आधीच्या मालकाला फोन केला तर तो म्हणतो, “दोन्ही बाजूंचे मीच बदललेत, मिळाले ते टाकले.” म्हणजे १९.०५ तरी मूळचं कशावरून? दुकानदार म्हणतो मोठा सिलिंडर म्हणजे ब्रेक चांगला, डावीकडेही हाच टाका. टाकू का?

मोफतसल्ला: विका आणि नवीन घ्या.

धागाकर्ता: हप्ते तुम्ही भरणार असाल तर आज शोरूमला जातो.

घाटमाथा: डावीकडे २२.२२ अजिबात टाकू नका. हिशोब बघा. १९.०५ च्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २८५ चौरस मिलिमीटर, २२.२२ चं ३८८. पाइपातला दाब दोन्हीकडे सारखाच, म्हणजे तुमचा उजवा शू ड्रमला डाव्यापेक्षा ३६ टक्के जास्त जोराने दाबला जातोय. तीन मिलिमीटरच्या थोडा वर फरक, दिसायला काहीच नाही, पण व्यासाचा वर्ग होतो ना. शू ढिला करून हे जाणार नाही, ढिला केल्याने फक्त पेडल खाली जाईल.

आता दोन्हीकडे मोठे टाकले तर डावं-उजवं जुळेल, पण पुढचं-मागचं बिघडेल. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन किती असतं? ती पुढच्यांच्या आधी जाम झाली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आत्ता एक चाक घसरतंय, मग दोन घसरतील. माळशेजच्या पावसात आणि धुक्यात हे नको. सध्या गाडी उभी करा, भाजी दुसऱ्याच्या गाडीत टाका. खेपेचे पैसे जातील, जाऊ देत.

काउंटरवाला: मी बरीच वर्षं स्पेअरच्या काउंटरवर काढली, म्हणून आमच्या बाजूचंही सांगतो. गिऱ्हाईक वर्ष सांगतं ते पासिंगचं. तुमचं २००९ पासिंगचं आहे की बनावटीचं? आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष वेगळा असतो, तो बघा. चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो, त्यात बहुतेक गाड्यांना दहावं अक्षर वर्षाचं: २००८ ला ८, २००९ ला ९, २०१० ला ए. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये पास होते आणि मधल्या काळात पार्ट बदललेला असतो. कंपनीच्या काउंटरवर अख्खा चॅसी नंबर द्या, कॅटलॉगमधून पार्ट नंबर निघेल. घ्यायचा असेल तर मग कुठूनही घ्या, पण तो नंबर हातात ठेवून. सँपल दाखवून घेताना मागच्या मालकाची चूकही आपण सँपल म्हणून नेतो, हे लक्षात घ्या.

आणखी एक. नट ‘बसला’ म्हणालात, तो कसा बसला? दहा मिलिमीटरच्या भोकात तीन अष्टमांश इंचाचा नट ढिला का होईना, जातो. पाना लावला की घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि मग तिथून ऑइल सुटतं. आटे हाताने, न अडकता, न डुलता गेले पाहिजेत.

धागाकर्ता: बनावट नोव्हेंबर २००८! दहावं अक्षर ८. इतकी वर्षं ‘माझी २००९ ची’ म्हणून सांगत फिरतोय.

घाटमाथा: ड्रमचा आतला व्यास आणि शूची रुंदीही दोन्हीकडची मोजून घ्या. आधीच्या मालकाने ‘मिळाले ते’ टाकलेत म्हणजे पूर्ण बॅक प्लेट (सिलिंडर आणि शू जिच्यावर बसतात ती ड्रममागची पत्र्याची थाळी) दुसऱ्या गाडीची असू शकते. व्हर्नियर नसेल तर टर्नरकडे जा, पट्टीने मोजू नका.

धागाकर्ता: चार दिवसांनी लिहितोय. ड्रम आणि शू दोन्हीकडे सारखे निघाले, जीव भांड्यात पडला. चॅसी नंबरवर कॅटलॉगमध्ये १९.०५ च आला. डावा जुनाट होता म्हणून दोन्ही नवीन घेतले, बसवण्याआधी दुकानातच टेबलावर व्हर्नियर लावला. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण मोजू दिलं. नट हाताने शेवटपर्यंत गेले. शू पुन्हा लावून घेतले, सगळ्या चाकांची एअर काढली, पेडल वर आलंय. मोकळ्या मैदानात पाणी मारून रिकाम्या गाडीचा ब्रेक पाच-सहा वेळा दाबून पाहिला, सरळ थांबते. सोमवारी थोडा माल भरून घाट उतरतो, मग कळवतो.

२२.२२ चा सिलिंडर दुकानदार परत घेत नाही, ऑइल लागलेला माल घेत नाही म्हणतो. महिनाभरच वापरलाय. कुणाच्या गाडीला खरंच तेच माप असेल तर सांगा, पण आधी चॅसी नंबर बघा.