भोकं मोठी करायची तर कुठली?

डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची (डीपीएफ) भोकं मोठी केली की तो चोंदणार नाही, असं वर एकानं म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. या फिल्टरमध्ये धूर भोकातून आरपार जातच नाही. ही भोकं म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या बारीक नळ्यांची तोंडं. प्रत्येक नळीचं एक तोंड बुजवलेलं असतं, शेजारच्या नळीचं त्याच्या उलट बाजूचं, म्हणजे वायूला सच्छिद्र भिंतीतूनच वाट काढावी लागते. सरसकट सगळ्या नळ्या रुंद केल्या तर तेवढ्याच डब्यात भिंतीचं क्षेत्रफळ घटतं. म्हणून बऱ्याच डिझाइनमध्ये फक्त आत येणाऱ्या नळ्या मोठ्या आणि बाहेर जाणाऱ्या लहान ठेवतात. राखेला जागा हवी असते ना!

आणि या राखेबद्दल इथे कुणीच बोललं नाही. काजळी ५५०-६०० अंशांना जळून जाते. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्ताची राख मात्र जळत नाही, साठतच जाते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या गॅरेजवर एका पिकअपचा फिल्टर मधोमध कापलेला पाहिला. गाडी खानापूर-बेळगाव भाजीच्या फेऱ्या मारणारी, बीएस-६ या प्रदूषण-नियमांची. पुढच्या तोंडाला काळी मखमल, आणि मागच्या बुजवलेल्या टोकाला बोटभर करडी भुकटी, खडूसारखी घट्ट. नखानं खरवडली तरी निघेना. मालक स्वस्त पडतं म्हणून जुन्या ट्रॅक्टरसाठीचंच ऑइल त्या गाडीत घालत होता. कमी राखेचं, लो-सॅप्स ऑइल पहिल्यापासून घातलं असतं तर तो फिल्टर इतक्या लवकर कापायची वेळ आली नसती, असं मला अगदी मनापासून वाटतं.