मदत हवी आहे: बडोद्यात समलिंगी भावासाठी समजूतदार डॉक्टर
नमस्कार मंडळी, नाव न देता लिहितेय. धाकटा भाऊ समलिंगी आहे, घरात फक्त मला माहीत. दांडिया बाजारात सगळे नातेवाईक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ओळखीच्या दवाखान्याची तो पायरीच चढत नाही. झोप उडालीये, ॲसिडिटीच्या गोळ्या कायम खिशात, लग्नाचा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठतो. शेवटी एका डॉक्टरांकडे गेला, तर म्हणाले, “लग्न करा, सगळं ठीक होईल.” कमालच आहे! २०१८ मध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा ३७७ कलमाचा निकाल लागला, हा आजार नाही असं मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही सांगितलं, तरी हे असं.

सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते हे त्याला ठाऊक आहे. पण रांगेत कोणी काकू भेटल्या तर? या धास्तीनं तेही टळतंय.

अलकापुरी, फतेहगंजकडे, म्हणजे आपल्या वस्तीपासून लांब, कोणी चांगले मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक माहीत आहेत का? मराठी-गुजराती काहीही चालेल. टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर कोणी बोललंय का? मराठीत बोलतात का? नावं मेसेजमध्येच द्या. आणि “आईला सांगून टाका” हा सल्ला सध्या नको, प्लीज.