बॉम्बर विमानातल्या कॅनेडियन पोरांची नावं कुठे मिळतील?

म्हापसेकर ताई:
मुलगी कॅनडात हॅमिल्टनला शिकते, तिच्या घरमालकीणबाईंचे मामा दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर बॉम्बरवर रिअर गनर (शेपटीकडचा मशीनगनवाला) होते, गेले ते परत आलेच नाहीत. आपल्याकडे २ नोव्हेंबरला शेजारचे ख्रिश्चन सिमितेरीत (दफनभूमीत) मेणबत्त्या लावतात, यांना लावायला थडगंच नाही. बाई थकल्यात, त्यांच्यासाठी काय शोधता येईल?

फोंड्याचा अण्णा:
ताई, इंग्लंडमधलं रनिमीड स्मारक बघा, थडगं नसलेल्या हवाई सैनिकांची २० हजारांवर नावं कोरलीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर आडनाव टाकलं की पॅनल नंबर येतो. अल्बर्टात नँटनलाही भिंत आहे, ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये गेलेल्या दहा हजारांवर कॅनेडियनांची नावं, बहुतेक विशीतली पोरं हो.

मडगावकर:
लेकीला सांगा बाईंना हॅमिल्टनच्या वॉरप्लेन म्युझियममध्ये ने, तिथलं उडतं लँकेस्टर अँड्र्यू मिनार्स्की या कॅनेडियन गनरच्या स्मरणार्थ आहे. जून १९४४, विमान पेटलेलं, हा उडी मारणार तेवढ्यात रिअर गनर टरेटमध्ये (गनरच्या फिरत्या खोपट्यात) अडकलेला दिसला तर हा आगीतून रांगत गेला, कपडे पेटले तरी हातांनी टरेट ओढत राहिला, शेवटी गनरनेच जा म्हणून खुणावलं तेव्हा सॅल्यूट करून उडी मारली. हा गेला, गनर वाचला, त्यानेच सगळं सांगितलं म्हणून मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. मला दरवेळी भरून येतं.

म्हापसेकर ताई:
वाचून रडलेच. मामांचा फोटो आहे बाईंकडे, कुठे लावता येईल का?

फोंड्याचा अण्णा:
कॅनेडियन व्हर्च्युअल वॉर मेमोरियल या कॅनडा सरकारच्या साइटवर पाठवा, कुणालाही पाठवता येतो. मागे काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा.