सेझानचं टेबल वाकडं चालतं, मग माझ्या मुलाचा पाट का नाही?

नववीचा बाबा

मुलगा यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतोय. मला स्वतःला चित्रकलेतलं फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतो.

गेल्या रविवारी त्याच्या क्लासमध्ये स्थिरचित्राचा सराव होता. पाटावर पितळी तांब्या, दोन पेरू, एक कांदा आणि मागे निळं कापड. त्याने काढलेल्या पाटाची कड तांब्याच्या डावीकडे एका उंचीवर आणि उजवीकडे दुसऱ्याच उंचीवर आली. तांब्याचं तोंडही वरून वाकून बघितल्यासारखं गोल झालं. सरांनी लाल पेनने खूण करून ‘पर्स्पेक्टिव्ह चुकलं’, म्हणजे एका जागेवरून दिसतं तसं आलेलं नाही, असं लिहिलं. चुकलं असेल, त्याबद्दल तक्रार नाही.

पण त्याच आठवड्यात तो शाळेच्या प्रकल्पासाठी पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराबद्दल वाचत होता. रात्री मोबाइल घेऊन माझ्याकडे आला आणि सफरचंदांच्या टोपलीचं एक चित्र दाखवून म्हणाला, “बाबा, इथेही टेबलाची कड जुळत नाहीये. बाटली तर सरळसरळ कललीय. याला आधुनिक चित्रकलेचा जनक म्हणतात आणि माझे मार्क कापतात. असं का?”

मोठ्या माणसांना सगळं माफ असतं, असं काहीतरी मी म्हणालो. ते त्याला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. सेझानला सरळ काढता येत नव्हतं की त्याने हे मुद्दाम केलं? आणि मुद्दाम केलं असेल तर त्यातून पुढच्यांनी नेमकं काय घेतलं?

कोरा कागद

सोपं आहे. कॅमेरा आला. हुबेहूब चित्रं काढायची गरज संपली, म्हणून चित्रकार वेगळं काहीतरी करायला लागले.

जुना फळा

कॅमेऱ्याचं कारण नेहमी दिलं जातं, पण त्याने सेझान उलगडत नाही. दागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्रं काढायची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली 1839 साली, आणि सेझानचा जन्मही 1839 चाच. कॅमेरा सगळ्यांसाठीच आला होता. तरी पुढची चाळीस-पन्नास वर्षं पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाच्या, म्हणजे सलोंच्या, भिंती गुळगुळीत आणि बिनचूक चित्रांनीच भरलेल्या होत्या. टेबल वाकलं ते या एका माणसाचं. का, ते त्याच्या चित्रातच शोधावं लागतं.

मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तुमच्या मुलाचा हा प्रश्न मला वर्गात एका मुलीने विचारला होता. तास संपत आला होता आणि मी “पुढे मोठी झालीस की कळेल” म्हणून तिला खाली बसवलं. ते आजही मनाला लागून आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा मुलगा म्हणतोय ते चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, साधारण 1893 चं. मुलीकडे गेले होते तेव्हा दोनदा जाऊन बघितलं. पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मिनिटांत पुढे सरकले. दुसऱ्या खेपेला समोरच्या बाकावर बसून राहिले.

पांढरं चुरगळलेलं कापड टेबलाच्या मधोमध पसरलंय. कापडाच्या डावीकडे टेबलाची कड दिसते, उजवीकडेही दिसते. डावीकडची पट्टी धरून मनातल्या मनात पुढे ओढली तर ती उजवीकडच्या कडेला मिळतच नाही. टोपली पुढे कललेली, खाली ठोकळा लावून उचललेली. बाटली डावीकडे झुकलेली. मागच्या ताटलीत बिस्किटं रचलीत, त्यातली खालची समोरून बघितल्यासारखी आणि वरची वरून बघितल्यासारखी. एवढं सगळं कलंडलेलं असून एकही सफरचंद घरंगळत नाही. उलट प्रत्येक सफरचंद जात्यासारखं जड वाटतं. मला बाकावरून उठवेना ते त्यामुळे.

आता तुमच्या मुलाला आम्ही मास्तर लोक काय शिकवतो ते आठवा. एक डोळा मीट, हात ताठ धर, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घे आणि मान हलवू नकोस. मान हलली की माप चुकतं. युरोपातली चित्रकला पंधराव्या शतकापासून मुख्यतः याच शिस्तीवर उभी होती. एक डोळा, एक जागा, एक क्षण.

पण माणूस असं बघतो का? जेवायला बसल्यावर ताटाकडे बघतो तेव्हा मान हलते, दोन्ही डोळे उघडे असतात, वाटीत वाकून बघतो, मग समोरच्या तांब्याकडे नजर जाते. सेझान एकेका चित्रापुढे दिवसेंदिवस बसे. व्होलार नावाच्या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र त्याने 1899 साली करायला घेतलं. व्होलारने पुढे लिहिलंय की एकशे पंधरा बैठका झाल्या आणि त्यानंतर सेझान एवढंच म्हणाला की शर्टाचा पुढचा भाग वाईट झालेला नाही. इतका वेळ बघणाऱ्याची मान हलणारच. ती हलली नाही असं दाखवायचं त्याने नाकारलं. डावीकडे बघताना जशी कड दिसली तशी डावीकडे लावली, उजवीकडे बघताना दिसली तशी उजवीकडे.

मरण्याआधी दीडेक महिना, सप्टेंबर 1906 मध्ये, त्याने मुलाला पत्र लिहिलं. नदीकाठी बसलोय, इथे जागा न बदलता महिनोन्‌महिने काम करता येईल, नुसतं कधी थोडं उजवीकडे वळायचं आणि कधी डावीकडे, अशा अर्थाचं. सदुसष्ट वर्षांच्या, मधुमेहाने थकलेल्या माणसाचं हे पत्र आहे. मी ते वाचते तेव्हा दर वेळी गहिवरते.

त्याला सरळ काढता येत होतं का, तर त्याचा हात सफाईदार नव्हता हे मान्य करायला हवं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळाला नाही. सलोंने वर्षानुवर्षं चित्रं परत पाठवली आणि घेतलं ते एकदाच, 1882 मध्ये. पण हात कच्चा असणाऱ्याच्या चुका कुठेही, कशाही होतात. याच्या टेबलाच्या कडा वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने तुटतात, आणि जिथे तुटतात तिथे कापड, फळ किंवा बाटली बरोबर येऊन ती फट सांभाळते. हे अंगवळणी पडलेलं बघणं आहे.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि माझ्या मते ती कडेपेक्षा मोठी. आपण मुलांना गोल फळ दाखवायला काय सांगतो? उजेडाची बाजू फिकी, सावलीची गडद. सेझान सावलीसाठी रंग नुसता काळवंडत नाही, रंगच बदलतो. उजेडात पिवळा, मग नारिंगी, मग लाल, आणि वळणाशी हिरवट किंवा निळसर. उष्ण रंग पुढे येतो, थंड रंग मागे सरतो आणि फळ गोल होतं. ब्रशचे छोटे, एका दिशेचे फटकारे शेजारी शेजारी, वीट रचावी तसे. हे त्याला आपोआप सुचलं नाही. तरुणपणी तो सुरीने जाड, काळपट रंग थापायचा. 1872 पासून पाँत्वाज गावी कामिय पिसारो या चित्रकाराच्या सोबतीने उघड्यावर रंगवायला लागला तेव्हा त्याची रंगपाटी उजळली. पिसारोचं हे ऋण तो कधी विसरला नाही.

व्होलारनेच 1895 साली पॅरिसमध्ये सेझानचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन भरवलं. टोपलीचं हे चित्र त्यात होतं. सेझान तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. लोकांपेक्षा चित्रकारांनीच ते जास्त बघितलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

दादर पश्चिम

छान लिहिलंय. पण ‘जनक’ म्हणायचं तर एद्वार माने हा फ्रेंच चित्रकार आधी येतो ना? त्याचं ‘ऑलिंपिया’ हे चित्र 1865 च्या सलोंमध्ये लागलं होतं. सपाट रंग, सावली जवळपास नाही, बघणाऱ्याकडे रोखलेली नजर. सेझानने स्वतः 1874 च्या प्रदर्शनात ‘आधुनिक ऑलिंपिया’ नावाचं चित्र लावलं, म्हणजे मानेला उद्देशूनच ना?

जुना फळा

एद्वार मानेशिवाय सेझान नाही, हे अगदी मान्य. मानेने काय रंगवायचं आणि किती निर्भीडपणे, याचं दार उघडलं. पण मानेची ऑलिंपिया एका जागेवरून बघितलेली आहे. बघण्याच्या क्रियेलाच हात घातला तो सेझानने. म्हणून विसाव्या शतकातली पोरं मानेला नमस्कार करून सेझानच्या दारात जाऊन बसली.

‘पुढच्यांनी नेमकं काय घेतलं’ हे बाबांनी विचारलंय, तर प्रत्येकाने वेगळं घेतलं. आंरी मातीस या चित्रकाराने 1899 मध्ये, हातात पैसा नसताना, व्होलारकडून सेझानचं ‘तीन स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे छोटं चित्र विकत घेतलं आणि सदतीस वर्षं जवळ ठेवलं. 1936 साली ते पॅरिसच्या संग्रहालयाला देताना त्याने लिहिलं की अडचणीच्या काळात या चित्राने मला आधार दिला. मातीसने त्यातून रंगाने आकार उभा करणं घेतलं.

ऑक्टोबर 1906 मध्ये सेझान उघड्यावर रंगवत असताना पावसात सापडला, भिजून कोसळला आणि आठवडाभरात गेला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात त्याची छप्पन्न चित्रं एकत्र लागली. 1908 च्या उन्हाळ्यात जॉर्ज ब्राक हा तरुण चित्रकार थेट लेस्ताकला गेला. मार्सेयजवळच्या या समुद्रकाठच्या गावात सेझानने पूर्वी पुष्कळ काम केलेलं. ब्राकने तिथली घरं रंगवली ती दारं-खिडक्या नसलेली, एकमेकांवर रचलेली, क्षितिज नसलेली. व्होसेल नावाच्या समीक्षकाने ती बघून लिहिलं की हा सगळ्याचे घन करतो, आणि त्यावरून घनवाद हे नाव रूढ झालं. ब्राक आणि पिकासो यांनी सेझानची ती न जुळणारी कड उचलली आणि अख्खं चित्रच तसं केलं. तुमच्या मुलाला सांगा, त्याच्या पाटाची जी कड तुटली, तिचं पुढे हे झालं.

पिकासोने 1958 मध्ये सेंत-व्हिक्त्वार डोंगराच्या पायथ्याचा वाडाच विकत घेतला. सेझानने पुन्हा पुन्हा रंगवलेला डोंगर तो हाच. पिकासोला तिथेच पुरलंय.

नववीचा बाबा

बाई, दोनदा वाचलं आणि मुलालाही वाचून दाखवलं. त्याने लगेच विचारलं, मग सर चुकले का? आणि आता परीक्षेत काय करायचं?

जुना फळा

सर चुकले नाहीत. परीक्षेत एका जागेवर बसून जे दिसतं ते काढायला सांगतात, आणि ते यायलाच हवं. सेझानचंच एक पत्र आहे, 15 एप्रिल 1904 चं, एमिल बेर्नार या तरुण चित्रकाराला लिहिलेलं. निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या रूपात बघ, हे त्यातलं वाक्य सगळे सांगतात. त्याच वाक्यात पुढे त्याने म्हटलंय की हे सगळं यथादर्शनात, म्हणजे पर्स्पेक्टिव्हमध्ये, बसव, वस्तूची प्रत्येक बाजू मध्यबिंदूकडे जाऊ दे. ज्याचं टेबल जुळत नाही तोच हे लिहितो. नियम त्याला ठाऊक होता, तो त्याच्याशी आयुष्यभर झगडत होता.

आपल्याकडची एक गोष्टही मुलाला सांगा. चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. 1948 साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराशी पडली. चित्रं बघून तो म्हणाला की तुझ्याकडे प्रतिभा आहे, पण चित्रांना बांधणी नाही, सेझानचा अभ्यास कर. रझा 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेले. सेझानकडे मोडतोड शिकायला नाही, बांधणी शिकायला जा, असं एका कॅमेरावाल्याने सांगावं, हे मला फार बोलकं वाटतं.

मुलाला एक करायला द्या. तोच तांब्या, पेरू, कांदा पाटावर मांडा आणि हलवू नका. एक चित्र एका बैठकीत, एक डोळा मिटून, सरांच्या पद्धतीने. दुसरं रोज अर्धा तास, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान मोकळी सोडून, आठ-दहा दिवस. काळा रंग पेटीतून काढून ठेवा. सेझान फुलं कोमेजतात म्हणून कागदी फुलं वापरायचा, इतका त्याला वेळ लागे. तेव्हा पेरू बदलावे लागतील.

नववीचा बाबा

दहा दिवस झाले. पहिल्या चित्राला सरांनी ‘उत्तम’ दिलं. दुसरं अजून चालू आहे. तांब्याच्या पोटात त्याने पेरूचा हिरवा आणि कापडाचा निळा आणलाय. तांब्यात ते दोन्ही खरोखर दिसतात, हे मला आजवर दिसलं नव्हतं. पेरू दोनदा बदलले. पाटाच्या कडा जुळलेल्या नाहीत, पण मध्ये कांदा बरोबर येऊन बसलाय.

एक अडचण आहे. त्या कांद्याला कोंब फुटलाय, चांगला दोन बोटं. त्याने तोही रंगवलाय, पण खाली आधीचा बिनकोंबाचा कांदा दिसतोय. खोडायचा का, असं विचारतोय.

जुना फळा

दोन्ही राहू दे. कांदा संपला की फोटो टाका, वाट बघते.