विकास सोसायटीचे संगणकीकरण: आधी कीर्द समजून घ्या

गटसचिव:
गावोगावी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायट्यांचे संगणकीकरण रखडते ते सचिवांना जुनी सवय सोडवत नाही म्हणून, असे काल येथे एकाने लिहिले. 26 वर्षे कीर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही आणि खातेवही, लिहिल्यावर हे मुकाट्याने ऐकून घेणे मला शक्य नाही. केंद्राने जून 2022 मध्ये 63,000 सोसायट्यांसाठी 2,516 कोटींची योजना मंजूर केली, ते आवश्यकच होते. परंतु त्याआधी आमच्या सोसायटीने एका खासगी कंपनीची प्रणाली घेतली होती. आमच्याकडे आधी क. म. पत्रक, म्हणजे कोणत्या सभासदाला किती कर्ज द्यायचे याचे पत्रक, तयार होते, सोसायटीची पंच कमिटी त्याला मान्यता देते, जिल्हा बँक मंजुरी देते आणि मगच उचल मिळते; त्या प्रणालीत मात्र थेट कर्जखातेच उघडत असे. परिणामी मी दिवसा कागद लिहायचो आणि रात्री तेच पुन्हा संगणकात भरायचो.

प्रणाली सल्लागार:
तुमचा क्रम म्हणजे वेदवाक्य नव्हे. त्याच क्रमात 'नवे-जुने' चालते. मार्चअखेर कर्ज कागदोपत्री भरल्याचे दाखवून लगेच नवे उचलायचे, हे संगणकाने अडवलेच पाहिजे.

सभासदाची मुलगी:
कागदोपत्री म्हणू नका. माझ्या वडिलांनी 1,40,000 रुपये आडत्याकडून 4 दिवसांच्या बोलीवर आणून रोख भरले. सातबारावर ज्ञानदेव आणि आधारवर ज्ञानेश्वर असल्याने नवी उचल अडकली ती 19 दिवस, आणि आडत्याचे व्याज आम्ही आईच्या दुधाच्या पगारातून फेडले.

प्रणाली सल्लागार:
तुमचे नुकसान झाले, हे मान्य. पण नावातील तफावत हा दप्तराचा दोष आहे. सचिवाच्या तोंडओळखीवर कर्जे दिली, की मयतांच्या नावेही निघतात.

गटसचिव:
शब्द जपून वापरा. माझ्या दप्तरात मयताच्या नावे एक रुपयाही निघालेला नाही. ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वर एकच आहेत, हे पंच कमिटीचा ठराव सांगतो. तो ठराव नोंदवायला तुमच्या पडद्यावर जागा का नाही? प्रणाली तयार करण्यापूर्वी तुम्ही मार्चअखेर कोणत्या सोसायटीत बसला होतात?

प्रणाली सल्लागार:
बसलो नव्हतो. ठरावाची जागा असायला हवी होती, एवढे मान्य करतो. पण तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा, जुळवायला तुम्हाला आठ-आठ दिवस लागत, हेही मान्य करा.

गटसचिव:
लागत. 17 रुपयांच्या फरकासाठी मी रात्रभर खतावणी चाळलेली आहे आणि तो त्रास संगणकाने वाचवावा, हीच माझी मागणी आहे. येत्या 25 मार्चला या. आठवडाभर माझ्या शेजारी खुर्ची ठेवतो.