संत्र्याच्या बिया फ्रीजरमध्ये नका ठेवू

कुणीतरी विचारलंय, घरच्या संत्र्याच्या बिया फ्रीजरमध्ये ठेवल्या तर टिकतील का? कळकळीनं सांगतो, नका ठेवू. ज्वारी, तूर, कापूस यांची बी नीट वाळवली की उणे १८ अंशांत वर्षानुवर्षं जगते. संत्र्याची बी सोलून बघा, आत ओलसर हिरवट दळं (डाळीसारखे दोन भाग) दिसतात. त्या ओलाव्याचा बर्फ झाला की पेशी फाटतात. आणि कडक वाळवली तरी बी बहुतेकदा मरते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या अंगणातलं झाड गेलं तेव्हा जपून ठेवलेल्या बियांपैकी एकही उगवली नाही, त्याची हळहळ अजून आहे. प्रयोगशाळेत टिकवायचं असेल तर बीमधला इवलासा गर्भ काढून, बेतानं सुकवून थेट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात, म्हणजे बर्फाचे स्फटिक धरायला वेळच मिळत नाही. घरी मात्र बी धुवा, सावलीत जरा सुकवा आणि लगेच पेरा.