वाल्डीच्या पाठीवरून धावताना
शुभंकर, म्हणजे स्पर्धेचे प्रतीक म्हणून निवडलेले पात्र, ही खेळणी खपवण्याची निव्वळ युक्ती आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा वाल्डी, म्हणजे उन्हाळी ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर, दुकानांत विकला गेलाच. परंतु मॅरेथॉनचा मार्गही नकाशावर त्याच्यासारखा दिसेल असा आखलेला असल्यामुळे धावपटू शहरभर एका आखूड पायांच्या डॅशहुंड कुत्र्याची बाह्यरेषा गिरवत होते. यात विक्री कुठे आली? १९८० मध्ये मॉस्को ऑलिंपिकच्या समारोपात प्रेक्षकांनी धरलेल्या फलकांतून साकारलेल्या ‘मिशा’ नावाच्या शुभंकर अस्वलाच्या डोळ्यातून अश्रू ओघळला आणि त्याची भव्य प्रतिकृती फुग्यांच्या आधाराने आकाशात गेली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचा आपला हत्ती अप्पू मात्र पुढे ‘अप्पू घर’ या उद्यानाच्या नावातच अधिक परिचित राहिला.